किल्ली कोणाच्या हाती?

रंग मारणे, शिक्का मारणे, पाणी मारणे या वाक्प्रयोगांच्या रांगेत मराठीने गेल्या काही वर्षांत आणखी एकाची भर घातली आहे : सॉफ्टवेअर मारणे. मोबाइल दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात तो ऐकू येतो. फोन सुरू होता होता अडकू लागला, आपणहून बंद-चालू होऊ लागला, की कारागीर म्हणतो, 'सॉफ्टवेअर मारावे लागेल.' कोशकारांनी या प्रयोगाची दखल घेतली असो वा नसो, तो अर्थवाही आहे. भिंत तीच राहते आणि रंग बदलतो. तसे यंत्र तेच राहते आणि त्याचे वागणे बदलते. आता भिंतीला कोणता रंग द्यायचा हे घरात राहणारा ठरवतो. ज्याने घर बांधून विकले, त्याला विचारायला कोणी जात नाही. फोनच्या बाबतीत मात्र हा साधा न्याय चालत नाही, आणि तो चालावा असे आमचे म्हणणे आहे.

दुकानातला कारागीर बहुधा कंपनीचेच मूळ सॉफ्टवेअर पुन्हा भरून देतो. प्रस्तुत लेखाचा विषय त्याच्या एक पाऊल पुढचा आहे. कंपनीने दिलेली कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, पुसून टाकायची आणि तिच्या जागी इतर कोणी, बहुधा स्वयंसेवकांनी, सिद्ध केलेली कार्यप्रणाली बसवायची, असा हा उद्योग आहे. जाणकार मंडळी अशा कार्यप्रणालीला 'कस्टम रॉम' म्हणतात. मराठी विषयाच्या अध्यापकांनी या गोष्टीत नाक का खुपसावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलामुलींच्या हाती पुस्तकाआधी फोन येतो. कवितेचा पाठ, परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीची सूचना, घरच्यांचा निरोप, सारे त्याच वितभर काचेवर येते. वाचनाचे साधन कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न भाषेच्या अध्यापकाला परका असू शकत नाही.

हा बदल शक्य कसा होतो, ते आधी पाहू. अँड्रॉइडचा मोठा भाग खुला आहे. त्याच्या तळाशी असलेला लिनक्सचा गाभा ज्या जीपीएल परवान्याखाली येतो, त्याची अट अशी की बदललेला गाभा जो वाटेल, त्याने बदलांचा स्रोतही द्यावा. त्यावरचा पुष्कळसा भाग अपाची परवान्याखाली कोणालाही वापरता येतो. मग अडते कोठे? अडते दारात. फोन सुरू होताना सर्वांत आधी जो छोटा प्रोग्राम जागा होतो, त्याला बूटलोडर म्हणतात. पुढे येणाऱ्या कार्यप्रणालीवर कंपनीची सही आहे की नाही, हे तो तपासतो आणि सही नसेल तर आत सोडत नाही. ज्या कंपन्या हे दार उघडू देतात, त्यांच्या फोनमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा बोट टेकवले की विकसकांसाठीचे पर्याय प्रकट होतात. तेथे 'ओईएम अनलॉकिंग'ला अनुमती द्यायची, फोन तारेने संगणकाला जोडायचा आणि आज्ञा द्यायची. त्या क्षणी फोनमधली सगळी माहिती पुसली जाते. हे मुद्दाम केलेले असते, कारण चोराने कुलूप तोडले तरी आतली छायाचित्रे आणि पत्रे त्याच्या हाती लागू नयेत. पुढे रिकव्हरी नावाच्या छोट्या व्यवस्थेतून नवी कार्यप्रणाली चढवायची. गूगलच्या सेवा हव्या असतील तर त्यांचे गाठोडे वेगळे चढवायचे. दुसऱ्याच मॉडेलची फाइल चढवली, तर कारागिराच्या भाषेत 'फोन डेड' होतो.

सर्व कंपन्या हे दार उघडू देत नाहीत. हुआवेने किल्लीचे संकेतांक देणे २०१८ मध्ये बंद केले. शाओमी परवानगी मागायला लावते आणि मग कित्येक दिवस थांबवून ठेवते. सॅमसंगच्या अनेक फोनांत तर एक सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक फ्यूज असतो; परके सॉफ्टवेअर चढले की तो एकदाच जळतो आणि पुन्हा कधीही जुळत नाही. मूळ सॉफ्टवेअर परत भरले तरी ती खूण फोनवर कायम राहते. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर विकणाऱ्याचा असा आजन्म पहारा असावा, हे सायकलच्या किंवा शिलाई यंत्राच्या बाबतीत आपण खपवून घेतले नसते.

साधन आणि त्याचा मालक यांचे नाते कसे असावे, याचा विचार आम्ही राहतो त्या नालवाडीत पूर्वी फार गंभीरपणे झालेला आहे. वर्धा शहराला आज चिकटलेली ही वस्ती. विनोबा १९३२ मध्ये येथे राहायला आले आणि १९३८ मध्ये पवनारला जाईपर्यंत येथेच होते. ग्रामसेवा मंडळाची स्थापना १९३४ ची. सूतकताईच्या मजुरीवर माणूस जगू शकतो का, हे विनोबांनी येथे स्वतः तासन्‌तास कातून पाहिले. त्यांच्या हातातली टकळी म्हणजे एक दांडी आणि एक चकती. बिघडली तर कातणाराच ती नीट करील, इतकी उघडी वस्तू.

टकळीची तुलना स्मार्टफोनशी करणे भाबडेपणाचे वाटेल. म्हणून अधिक गुंतागुंतीच्या यंत्राचे उदाहरण घेऊ. अखिल भारत चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी मुळातून अभ्यासण्यासारख्या आहेत. चरखा हलका, झोपडीत चालवता येण्याजोगा असावा. एका स्त्रीला तो फार श्रम न पडता आठ तास चालवता यावा आणि तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. वेळच्या वेळी देखभाल केली तर तो २० वर्षे टिकावा आणि झिजलेले भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त होऊ नये. सर्व अटींना उतरेल असा चरखा निघाला नाही आणि बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण या अटींत यंत्राच्या वेगाइतकेच त्याच्या आयुष्याला आणि दुरुस्तीला महत्त्व आहे, हे ध्यानात घ्यावे. यंत्र किती वर्षे आपले राहील, हा प्रश्न विक्रीच्या आधी विचारलेला आहे.

तोच प्रश्न फोनला विचारून पाहावा. स्वस्त फोनांना वर्षानुवर्षे दोन-तीन वर्षांपलीकडे नवी आवृत्ती मिळत नसे. युरोपीय संघाने जून २०२५ पासून असा नियम लागू केला, की एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे त्याला सॉफ्टवेअरच्या सुधारणा मिळाव्यात. तोवर काच शाबूत, बॅटरी ठीक, आवाज स्वच्छ, आणि तरीही फोन निकामी, असे घडत आले. व्हॉट्सॲपने जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ वर चालणे थांबवले. ज्याच्या फोनला कंपनीने त्यापुढची आवृत्ती दिलीच नाही, त्याच्यापुढे दोन मार्ग उरले : नवा फोन घेणे किंवा जुन्यावर दुसरी कार्यप्रणाली चढवणे. ज्याच्याकडे पैसा नाही त्याला पहिला मार्ग बंद, आणि ज्याच्या फोनला कुलूप आहे त्याला दुसराही.

मराठी वाचकाला तर या खटाटोपाची आठवण असायला हवी. २०१०-११ च्या सुमारास अँड्रॉइडच्या दुसऱ्या आवृत्तीवर चालणारे कित्येक फोन देवनागरी दाखवीत नसत. मराठी पान उघडले की चौकोनांची रांग दिसे. ऑपेरा मिनी या न्याहाळकात गुंतागुंतीच्या लिप्या चित्ररूपाने दाखवण्याची एक आडबाजूची सोय होती; ती कोठे दडली आहे हे लोक एकमेकांना सांगत. ती फक्त त्या न्याहाळकापुरती. निरोपात, नावांच्या यादीत मराठी हवी असेल तर फोन रूट करून, म्हणजे त्याचे सर्वाधिकार आपल्याकडे घेऊन, आत देवनागरी फाँट ठेवावा लागे. तेवढ्यानेही भागत नसे. अक्षरे जुळवणारी यंत्रणाच नसल्याने 'किल्ली'तली पहिली वेलांटी 'क'च्या पुढे जाऊन बसे आणि जोडाक्षराचा पाय मोडून पडे. हिंदीचा कळफलक अँड्रॉइडबरोबर आला तो २०१२ मधल्या ४.१ या आवृत्तीत. ज्यांच्या फोनला ती आवृत्ती मिळाली नाही, त्यांच्यातल्या ज्यांनी कुलूप उघडले त्यांनीच आपली लिपी आपल्या हातात आणली.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णांची प्रमाण रूपे ठरवून दिली. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत, परंतु युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना क्रमांक एकच. कोणते वळण दिसणार ते फाँट आणि भाषेची मांडणी ठरवते. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये आले ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. भाषा अशी हलत राहते. तिच्या मागोमाग जाण्याची मुभा साधनाला हवी, आणि ती मुभा देणारा दूरदेशीचा कारखानदार असेल तर मराठीचा नंबर कधी लागेल, याचा भरवसा कोणी द्यावा?

आता दुसरी बाजू. कुलपाचे समर्थन करणारे मूर्ख नाहीत. सही तपासणारा बूटलोडर नसता, तर दुरुस्तीला दिलेल्या फोनमध्ये कोणीही हेरगिरीचा प्रोग्राम पेरून दिला असता. पाठाची शुद्धता राखायची तर त्याला काही बंदोबस्त हवाच, हे आम्ही पोथ्यांच्या अभ्यासातून शिकलो आहोत. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पाठ टिकला, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण 'लीळाचरित्रा'सारखा आद्य गद्यग्रंथ कित्येक शतके पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला ठाऊकच नव्हता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृतींच्या प्रयत्नांनी ते दालन उघडले. याउलट ज्ञानेश्वरी हातोहात उतरवली गेली. तीत पाठभेद शिरले, पदरच्या ओव्या शिरल्या. आणि मग शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी प्रती पडताळून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावलेही.

येथे आम्हाला महत्त्वाचे वाटते ते असे, की एकनाथांना हे काम करता आले कारण पोथी उघडी होती. त्यांनी बजावले, पण प्रत उतरवण्यास बंदी केली नाही. वाचकाने त्यांची प्रत स्वीकारली ती विश्वासाने. शिवाय महानुभावांनी कुलूप घातले ते स्वतःच्या ग्रंथांना. फोनची कंपनी कुलूप घालते ते विकून टाकलेल्या वस्तूला. दोहोंना एकाच मापाने मोजता येणार नाही.

उघड्या पोथीचे सामर्थ्य काय, याचा एक दाखला आपल्या देशातच घडून गेला आहे. स्टीव्ह कोंडिक यांनी २००९ मध्ये सुरू केलेली सायनोजेनमॉड ही स्वयंसेवकांची कार्यप्रणाली पुढे एका कंपनीच्या हाती आली. डिसेंबर २०१४ मध्ये तिच्या व्यापारी आवृत्तीच्या भारतातल्या हक्कांवरून मायक्रोमॅक्स आणि वनप्लस यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. वनप्लसच्या विक्रीवर मनाई आली आणि काही दिवसांतच ती उठलीही. दोन वर्षांनी, डिसेंबर २०१६ मध्ये, खुद्द सायनोजेन कंपनीनेच आपल्या सेवा गुंडाळल्या. ज्या हक्कांसाठी वकील उभे केले होते, त्यांना अर्थ उरला नाही. परंतु स्रोत उघडा होता. स्वयंसेवकांनी तो उचलला, लिनियेजओएस असे नवे नाव दिले आणि काम पुढे चालू ठेवले. कंपनी बुडाली आणि पाठ टिकला.

या मार्गाची किंमतही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे लेखन जाहिरात ठरेल. एकेका मॉडेलची जबाबदारी बहुधा एकदोन स्वयंसेवकांवर असते. त्यांचा उत्साह किंवा वेळ संपला की त्या फोनच्या सुधारणा थांबतात. कॅमेऱ्याचे आणि संदेशवहनाचे चालक प्रोग्राम बहुधा बंदिस्तच असतात. आणि मोठी अडचण पैशाच्या व्यवहाराची. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने थोरल्या भावाच्या जुन्या फोनवर लिनियेजओएस चढवली. फोन नव्यासारखा चालू लागला, पण बँकेच्या ॲपने त्याला दारातच अडवले. गूगलच्या 'प्ले इंटेग्रिटी' या चाचणीत फोनवरचे सॉफ्टवेअर प्रमाणित नाही असे दिसले, की पुष्कळ ॲप काम नाकारतात. ज्या गावात भाजीवालाही मोबाइलवरून पैसे घेतो, तेथे हा बहिष्कारच म्हणायचा. त्या मुलाने शेवटी उसनवारी करून दुसरा फोन घेतला आणि चांगला चालणारा पहिला घरी पडून राहिला.

यातली विसंगती पाहावी. तीन-चार वर्षे सुरक्षेची एकही सुधारणा न मिळालेला, पण कारखान्याचे सील शाबूत असलेला फोन पुष्कळ ठिकाणी विश्वासू ठरतो. महिन्याभरापूर्वीच्या सुधारणा असलेला, पण मालकाने स्वतः बदललेला फोन संशयित ठरतो. येथे तपासले जाते ते कारखान्याचे सील; फोन खरोखर सुरक्षित आहे की नाही, हा प्रश्न बाजूलाच राहतो. वास्तविक सुरक्षा आणि मालकी यांचा मेळ बसू शकतो. गूगलच्याच पिक्सेल फोनांत मालकाला आपल्या पसंतीच्या कार्यप्रणालीची किल्ली नोंदवून बूटलोडर पुन्हा बंद करता येतो. ग्राफिनओएस ही कार्यप्रणाली अशीच बसते. कुलूप राहते, तपासणी राहते, फक्त कोणाची सही मानायची ते मालक ठरवतो. आम्हाला हवे आहे ते इतकेच.

स्वदेशीच्या नावाने या प्रश्नाला बगल देता येणार नाही. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी उभारलेल्या इंडस ओएसने २०१५ पासून भारतीय भाषांसाठी चांगले काम केले, पण ती फोनबरोबर विकत मिळे आणि पुढे तिच्या कर्त्यांचा उद्योग ॲपच्या दुकानाकडे वळला. आयआयटी मद्रासशी संलग्न कंपनीने केलेली भारओएस जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाली, ती मुख्यतः कडक सुरक्षेची गरज असलेल्या संस्थांसाठी. दोन्ही प्रयत्न आदरणीय आहेत. तरीही आपल्या देशात घडवलेले कुलूप हेही कुलूपच, आणि त्याची किल्ली कोणाकडे हा प्रश्न त्यालाही विचारावा लागेल.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोबाइलचा समावेश केला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु दुरुस्ती म्हणजे केवळ काच आणि बॅटरी नव्हे. आमच्या मते त्यात दोन गोष्टींची भर हवी. कंपनी ज्या दिवशी एखाद्या फोनच्या सुधारणा थांबवील, त्या दिवशी तिने त्याची किल्ली मागेल त्या मालकाला विनाशुल्क द्यावी. आणि बँका व शासकीय सेवांच्या ॲपनी फोन ताजा आणि सुरक्षित आहे का ते तपासावे. तो कारखान्यातून निघाला तसाच आहे का, एवढ्यावर माणसाला दाराबाहेर काढू नये.

तिसरी गोष्ट आमच्याच पेशाला उद्देशून आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम आकाराला आली. हाताच्या उद्योगातून ज्ञान, हा तिचा गाभा. टकळी फिरवताना मुलाला कापसाचे शास्त्र, गणित, इतिहास शिकवता येतो, असा तो विचार होता. आज प्रत्येक घरात कपाटाच्या कोपऱ्यात एखादा जुना फोन पडलेला आहे. महाविद्यालयांनी असे फोन गोळा करावेत. ते उघडावेत, त्यांवर दुसरी कार्यप्रणाली चढवावी, तिच्यातल्या मराठी शब्दांची चर्चा करावी, चुकलेले भाषांतर सुधारून पाठवावे. रोजच्या वापरातल्या एकुलत्या एका फोनवर हा प्रयोग कोणी करू नये, हे आम्ही विद्यार्थ्यांना निक्षून सांगू. पण कपाटातल्या फोनवर अवश्य करावा. तो डेड झाला तरी मुलांना त्यातून काही कळेल, आणि पुढचा फोन घेताना ती दुकानदाराला किमतीबरोबर किल्लीबद्दलही विचारतील.